मागच्या सीटपासून

सकाळी साडेसहाला आमच्या वारूळवाडीत दोन आवाज येतात. एक नारायणगावच्या मार्केटकडे निघालेल्या टोमॅटोच्या पिकअप गाड्यांचा, आणि दुसरा शेजारच्या ओट्यावरचा. 'कट्'. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा 'कट्'. मुक्कामाला आलेल्या पावण्यांना वाटतं कुणी सुपारी कातरतंय. चहा घेता घेता विचारतात, एवढी सुपारी खाणारं कोण आहे हो शेजारी? मी सांगते, सुपारी नाही, आमचे सुदामभाऊजी इंटरनेट वाचतायत.

आता इंटरनेट वाचताना आवाज कसला, तर तो तिकिटाला भोक पाडायच्या चिमट्याचा. भाऊजी मांडीवर टॅब घेऊन बसतात, शेजारी दोनशे पानी वही. वहीत आकडे लिहिलेले. टॅबवरचं एक पान वाचून झालं की वहीतल्या त्या आकड्यावर चिमटा धरायचा आणि भोक पाडायचं. म्हणजे ते पान तपासलं. नोकरीतला चिमटा निवृत्तीच्या दिवशी जमा करावा लागला होता. हा दुसरा त्यांनी मंचरच्या आठवडी बाजारात जुन्या लोखंडाच्या ढिगातून शोधून काढला, घरी आणून खोबरेल तेल लावून चालता केला. त्या दिवशी एवढे खूश होते की आमच्या कॅलेंडरलाही एक भोक पाडून गेले.

सुदामभाऊजी काही माझे सख्खे दीर नव्हेत. भिंतीला भिंत लागून घर, आणि आमच्या ह्यांच्याबरोबर चौथीपर्यंत एका बाकावर, म्हणून ते भाऊजी आणि मी वैनी. बत्तीस वर्षं लाल गाडीवर कंडक्टर होते. लग्न केलं नाही. का केलं नाही असं कुणी विचारलं तर म्हणायचे, "त्या दिवशी ड्युटी लागली व्हती." विचारणारा हसायचा आणि विषय तिथंच संपायचा. मीही सुरुवातीला हसायचे.

नोकरी सुटली, पण अंगातून गाडी काही गेली नाही. लग्नाच्या मांडवात दाराशी उभे राहतात आणि वऱ्हाडाला म्हणतात, "पुढं सरका, पुढं मोकळंच हाय, दारात गर्दी करू नका राव." नवरदेवाचा मामासुद्धा निमूट पुढे सरकतो. दशक्रियेलाही तेच. आमच्याकडे चहा करायचा असला की मोजून सांगतात, चार फुल, एक हाफ. हाफ म्हणजे माझी नात, ती आता पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, तरी हाफच. आणि कुणी बोलताना पाल्हाळ लावलं की त्यांचं ठरलेलं वाक्य, "उतरायचं कुठं तेवढं सांगा." हे वाक्य त्यांनी आयुष्यात सगळ्यात जास्त वेळा मला ऐकवलं असेल. मी बोलायला लागले की मला स्टॉप सापडत नाही, हे मलाही मान्य आहे.

तर हे इंटरनेटचं प्रकरण. भाऊजी नोकरीत असताना डेपोत एक क्लार्क होता. त्याला कॉम्प्युटरवर मराठीतून गप्पा मारायच्या एका साइटचा नाद. तिथं लोक खोटी नावं घेऊन लिहायचे. कुणी एक विषय काढायचा, दुसऱ्यानं त्याच्याखाली आपलं म्हणणं लिहायचं, तिसऱ्यानं त्याच्याखाली, अशी पानंच्या पानं. आता ती माणसं मोबाइलवरच्या ग्रुपांत गेली. पण जुन्या गप्पा तशाच ठेवल्यात, पाहुणे उठून गेल्यावर सतरंजी तशीच पसरलेली राहावी तशा. त्या गप्पांमध्ये 'लाल गाडीच्या आठवणी' असा एक विषय होता, आणि त्यात कुणीतरी तळेघरच्या गाडीच्या कंडक्टरबद्दल लिहिलं होतं. क्लार्कनं ते तेव्हा वाचून दाखवलं. तळेघरच्या गाडीचे कंडक्टर म्हणजे आमचे भाऊजी.

"आपल्यावर लिवून आलंय वैनी, इंटरनेटवर," एवढंच ते सांगायचे. काय लिहून आलंय ते नाही सांगायचे. सगळ्या आळीनं आपलं धरून चाललं की कौतुक असणार. आमचे हे तर येता-जाता टोचायचे, "काय सुदाम, पुतळा कुठं उभा करायचा मग, स्टँडवर का फाट्यावर?" भाऊजी कानाची पाळी चोळत आत निघून जायचे. आम्हाला वाटायचं, लाजले.

ते लिहिलेलं पुन्हा सापडावं म्हणून त्यांनी टॅब घेतला. नातीनं साइट उघडून दिली, तो विषयही काढून दिला. पानं होती नऊशेच्या वर. नात म्हणाली, आजोबा, वर ह्या चौकोनात शब्द टाका, ते आपोआप शोधतं. त्यांनी 'कंडक्टर' टाकलं. साडेतीन हजार कंडक्टर निघाले. त्यातून कितीकांनी त्या काळी मराठीच इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं, ते तर त्या चौकोनाला दिसतच नव्हतं. भाऊजींनी टॅब खाली ठेवला आणि तिला समजावलं, "हे बघ बाळ, भरल्या गाडीत दारात उभं राहून 'तिकीट कुणाचं ऱ्हायलंय' असं वरडलं तर कोण हात वर करतंय का? प्रत्येकाच्या तोंडाम्होरं जावं लागतंय."

आणि गेले की हो ते प्रत्येकाच्या तोंडासमोर. तेही शेवटच्या पानापासून मागे मागे. मी म्हटलं, भाऊजी, जुनं लिहिलेलं हवंय तर पहिल्या पानापासून सुरू करा ना. तर म्हणाले, "तपासणी मागच्या शिटापासनं करायची असती वैनी. पुढनं सुरू केली की मागचा माणूस उतरून पसार."

तीन वर्षं चाललं हे. साधं काम नव्हतं, कारण लोक लाल गाडीवर थोडेच थांबतात. गाडीवरून स्टँडच्या भज्यांवर, भज्यांवरून तेलावर, तेलावरून वरणात गूळ घालावा की नाही ह्यावर. त्या गुळावर लोक बावीस पानं भांडले होते. भाऊजींनी एकही पान गाळलं नाही. विनातिकीट कुणाला सोडायचं नाही, हा त्यांचा बाणा. त्याचा परिणाम असा झाला की भाऊजींना त्या साइटवरची माणसं गल्लीतल्या माणसांसारखी पाठ झाली. मी आमटी नेऊन दिली की चव घेऊन म्हणायचे, "मिरचीताईंचं म्हणणं, चिंच आदी भिजवावी." ही मिरचीताई कोण, कुठली, हयात आहे की नाही, देव जाणे. 'शंकेखोर' नावाचा एक जण होता, त्याच्यावर तर त्यांचा भयंकर राग. सगळ्यांना खोडून काढायचा म्हणे. एकदा ते सकाळी सकाळी आनंदानं आमच्या दारात आले. शंकेखोराचं आणि मिरचीताईचं लग्न ठरलं होतं. "म्हंजे झालंच असंल आता, धा वर्सं झाली," म्हणाले. आणि आहेर कुठं पाठवावा ह्याचा विचार करत उभे राहिले. मागून पुढे वाचत असल्यामुळे ह्या दोघांचा संसार त्यांनी आधी वाचला होता आणि लग्न नंतर.

मध्ये मध्ये साइट उघडायची नाही. त्या दिवशी, "गाडी फेल," म्हणून अंगणात येरझाऱ्या. नारायणगावच्या मोबाइलच्या दुकानदारानं त्यांना सांगून ठेवलं होतं की असल्या जुन्या साइटींचा भरवसा नाही, चालवणाऱ्यानं कंटाळून एक दिवस बंद केली की सगळं गेलं. तेव्हापासून चिमट्याचा वेग वाढला. द्राक्षाच्या छाटणीचा हंगाम आला तरी त्यांनी पुतण्याच्या बागेत पाऊल टाकलं नाही. दिवाळीत फराळाचं ताट नेलं तर डाव्या हातानं करंजी, उजव्या हातानं पान सरकवणं.

दिवाळी झाली आणि एका सकाळी आवाजच आला नाही.

मी साडेसातपर्यंत वाट पाहिली. मग चहा घेऊन गेले. भाऊजी ओट्यावर बसलेले, वही मिटलेली, चष्मा कपाळावर. म्हणाले, "झाली वैनी गाडी तपासून. पयल्या पानापातूर गेलो. नाय."

मी म्हटलं, जाऊ द्या हो भाऊजी. कौतुकच होतं ना, ते आम्हाला ठाऊकच आहे. इंटरनेटवर असलं काय आणि नसलं काय.

त्यांनी कप न उचलता बाजूला सरकवला.

"तारीफ नव्हती वैनी ती," म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. इतकी वर्षं शेजारी राहून हे मला कधी कळलं नव्हतं. महाशिवरात्रीचा दुसरा दिवस. यात्रेपुरती भीमाशंकरहून सुटलेली त्यांची तळेघरची सकाळची पहिली गाडी, यात्रेकरूंनी एवढी भरलेली की भाऊजी स्वतः पायरीवर एका पायावर. तळेघरच्या खाली एका फाट्यावर एक पोरगी उभी. हातात परीक्षेचं पॅड. दहावीचे पेपर चालू होते आणि केंद्र खाली घोडेगावला. त्यानंतरची गाडी थेट दुपारी. तिनं हात केला. भाऊजींनी दोन घंटा मारल्या. दोन घंटा म्हणजे थांबू नको, चल.

"गाडी फुल्ल व्हती हे खरंच हाय," ते म्हणाले. "पण तिनं माज्याकडं पाह्यलं आन् मी तोंड फिरवलं. ते नियमात नव्हतं."

पुढे बऱ्याच वर्षांनी ती पोरगी कुठंतरी शिकली, नोकरीला लागली, आणि तिनं हे सगळं त्या साइटवर लिहिलं. क्लार्कनं डेपोत मोठ्यानं वाचलं, चारजण हसले. भाऊजींचं डोकं फिरलं. त्यांनी क्लार्कला तिथल्या तिथं खाली उत्तर लिहायला लावलं. दुसऱ्याच दिवशी क्लार्कची बदली झाली. भाऊजींना तेव्हा कॉम्प्युटर कशाशी खातात ते माहीत नाही.

"ती त्याच्यावर परत काय बोलली असंल, ते बघायचंय," म्हणाले. "पेपर बुडला का तिचा, एवढंच. दुसरं काय नाय."

हाताला चाळा म्हणून मी तो टॅब उचलला. आता माझी एक खोड आहे. मी शाळेत फार गेले नाही, वाचायला शिकले ती वाण्याच्या पुड्यांवरून. पुडीचा कागद जिथून फाटलाय तिथून वाचायचा, म्हणून मी कुठलाही कागद कोपऱ्यापासून वाचते. त्या पहिल्या पानाच्या अगदी वर, कोपऱ्यात, बारीक अक्षरांत एक पिवळी पट्टी होती. तिच्यात लिहिलेलं, पहिला भाग भरल्यामुळे ही चर्चा इथे पुढे सुरू ठेवली आहे, आधीची चर्चा वाचण्यासाठी इथे दाबा. खाली सही, व्यवस्थापक.

मी विचारलं, भाऊजी, हे काय आहे?

त्यांनी चष्मा खाली घेतला, वाचलं, आणि टॅब परत माझ्याकडे सरकवला. "ते हाफिसचं असतंय. नोटीस. आपुन नाय वाचायची."

तेव्हा मला आठवलं. बत्तीस वर्षांत ह्या माणसानं डेपोतल्या बोर्डावरची एक नोटीस वाचलेली नाही, हे ते स्वतःच अभिमानानं सांगायचे. नवीन गणवेश आलाय हेही त्यांना बाकीच्यांच्या अंगावर बघून कळलं होतं.

मी म्हटलं, "भाऊजी, यात्रेला गाडी भरली की तुम्ही काय करायचा?"

"जादा गाडी सोडायची."

"अहो, मग ही जादा गाडी आहे. पोरगी आधीच्या गाडीत बसलीय."

भाऊजींनी टोपी काढली. टोपीकडे बघितलं, वहीकडे बघितलं. नऊशे भोकं होती त्या वहीत. "म्हंजे तीन वर्सं मी जादा गाडी तपासतूय?" असं स्वतःलाच विचारलं आणि एकदम हसायलाच लागले. मीही हसले. आमचे हे आतून विचारत आले, काय झालं, तर आम्हाला दोघांना सांगता येईना.

पहिला भाग ऐंशी पानांचाच निघाला, तेव्हा साइटची गाडीच लहान होती म्हणायची. भाऊजींनी तोही मागच्या सीटपासूनच धरला, आणि मी अडवलं नाही. तिसऱ्या दिवशी मी मेथी निवडत बसले होते, तर भिंतीपलीकडून हाक आली. नेहमीसारखी खणखणीत नाही. गेले तर टॅब माझ्या हातात दिला आणि म्हणाले, चष्म्यावर धूळ बसलीय, तुमीच वाचा. चष्मा स्वच्छ होता.

लिहिणारीचं नाव 'कारवी' असं होतं. तिनं लिहिलं होतं: "दहावीच्या पहिल्या पेपरला आमच्या फाट्यावर तळेघरची गाडी थांबली नाही. कंडक्टरकाकांनी मला पाहिलं आणि तोंड फिरवलं. गाडी भरलेली मला दिसत होती. त्यांनी नुसता हात हलवून नाही म्हटलं असतं, तरी चाललं असतं."

त्याच्याखाली भाऊजींचं उत्तर: "गाडी फुल्ल होती. नियमाप्रमाणे थांबवली नाही. वाहक."

आणि त्याच्याखाली, दुसऱ्याच दिवशी लिहिलेलं, पुन्हा 'कारवी'. मी ते सावकाश वाचलं. "काका, तुम्हीच का ते? पेपर बुडला नाही. दुधाचा टेम्पो मिळाला, वेळेत पोचले. काल मी अर्धंच लिहून उठले, माझी ड्यूटी होती. पुढचं आता लिहिते. त्यानंतर दोन वर्षं मी तुमच्याच गाडीनं कॉलेजला गेले. फाटा यायच्या आधीच तुम्ही दारातून डोकं बाहेर काढून बघत असायचात. आम्हा मुलींना उशीर झाला तर ड्रायव्हरकाकांशी भांडून गाडी उभी करायचात. ती मीच होते हे मी कधी सांगितलं नाही. तुम्हाला माहीत होतं का?"

ह्या प्रश्नाखाली लगेच कुणीतरी स्टँडवरच्या भज्यांचा विषय काढलेला. प्रश्न तसाच राहिलेला, पंधरा-सोळा वर्षं.

मी पुन्हा एकदा वाचून दाखवलं. भाऊजी ओट्याच्या कडेला बसले होते, पाय लोंबकळत सोडून.

"नाय म्हाईत," ते त्या टॅबलाच म्हणाले. "कसं म्हाईत असणार? तोंडच फिरवलं व्हतं, चेहरा कुठनं दिसणार?" मग माझ्याकडे वळले. "गाडीतल्या पोरींत कुठली ती कळंना वैनी. मंग सगळ्यांसाठीच थांबवायला लागलो. डायवर मला पोरींचा मामा म्हणायचा. गाडी रोज लेट. दोनदा खुलासा मागितला सायबानं, काय लिवणार खुलाशात?"

मी उत्तर लिहायला बघितलं. खाली चौकोनच नव्हता. चर्चा बंद आहे, असं लिहिलेलं होतं. मी म्हटलं, काळजी करू नका, माझी नात 'कारवी' ह्या नावावरून संध्याकाळपर्यंत शोधून काढेल. आजकालच्या मुलांना येतं ते. नाव, गाव, फोन नंबर, सगळं. बोलवा तिला इकडे, मी पुरणपोळी करते.

भाऊजींनी बोटांवर पोरी मोजायला सुरुवात केली होती. एक रुमालात बांधलेला स्टीलचा डबा घेऊन यायची. एकीला पोखरीच्या घाटात मळमळायचं, तिच्यासाठी ते खिशात आवळा ठेवायचे. एक खिडकीला डोकं टेकून झोपायची, तिला घोडेगावला उठवावं लागायचं. एक कायम इंजिनाच्या झाकणावर बसून पुस्तक वाचायची, चटका बसला तरी उठायची नाही. एक सुट्टीहून आली की रानातली करवंदं आणायची, पानात बांधून, आणि काही न बोलता सीटवर ठेवून जायची.

"ह्यातलीच एक व्हती म्हणा की," ते म्हणाले.

"मग सांगू का नातीला?"

"नको वैनी." त्यांनी मान हलवली. "एकीचं नाव कळलं की बाकीच्या उतरून जात्यात."

मी टॅब बंद केला आणि मेथीकडे जायला उठले. भाऊजी पुन्हा अंगठ्यापासून मोजत होते. मी पायरी उतरले तशी त्यांनी मागून विचारलं, "त्या दोघी भैनी एकच छत्री घिऊन यायच्या, त्या धरल्या का आपुन?"